नर्सरीची जागा आणि माझी मावशी

माझ्या मावशीला आमच्या वसाहतीत कुणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे तिला ब्रेकबाई म्हणतात. ती गाडी चालवायला शिकवते. तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला आहे. तो ती कधी दाबते आणि कधी शिकणाऱ्याचाच पाय कामाला लागतो, हे शिकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. वसाहतीतली निम्मी माणसं तिच्या शेजारी बसून घाम गाळून शिकली आहेत. शाळेच्या मुख्याध्यापिका शिकल्या, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक शिकले. या दुकानदारांना सगळे केमिस्ट म्हणतात. ते परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होत होते तेव्हा मावशी त्यांना म्हणाली होती, "तुम्ही गिअरवर चिडता. तो तुमच्या दुकानातला नोकर नाही." केमिस्ट हसले नव्हते, पण पुढच्या खेपेला पास झाले आणि तेव्हापासून मावशीला मान देऊन बोलू लागले.

मावशीचा नवरा, म्हणजे आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या उंच उंच इमारतींत त्यांचं आयुष्य गेलं आणि राहायला मात्र बैठं घर. "लोकांना वर पोचवून मी खाली येतो," असं ते म्हणायचे. त्यांचं घर आमच्या रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. स्वयंपाकघराच्या मागची भिंत संपली की पलीकडे नर्सरी होती. रोपांची नर्सरी. वाफे, कुंड्यांच्या रांगा, हिरव्या जाळीचे मांडव आणि मधोमध एक जुनं काचघर. हे सगळं एकटे सांभाळायचे ते अण्णा. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. नर्सरीतल्याच दोन खोल्यांत राहायचे. माणूस अबोल. गिऱ्हाइकाने झाडाचा भाव विचारला तर आधी विचारायचे, "ऊन कुठून येतं तुमच्याकडे?" उत्तर पटलं नाही तर झाड द्यायचे नाहीत.

एका सकाळी नर्सरीत तिपाईवर दुर्बीण लावून दोन माणसं जागा मोजताना दिसली. अण्णांनी जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. आठवड्याभरात फाटकावर फलक लागला. त्यावर दोन उंच इमारतींचं चित्र होतं, चौदा चौदा मजल्यांच्या. चित्रातल्या रस्त्यावर एकच गाडी आणि खूप झाडं होती. मावशी शिकवणी अर्धवट सोडून फलकासमोर उभी राहिली. शिकायला आलेली मुलगी गाडीत स्टिअरिंग घट्ट धरून तशीच बसून राहिली, कारण उतरायला कुणी सांगितलं नव्हतं.

"हा रस्ता बघितलाय का यांनी?" मावशी घरी येऊन काकांना म्हणाली. "समोरून पाण्याचा टँकर आला की मी पोरांना आरसे मिटायला लावते. इथे दोनशे गाड्या कुठून जाणार? माझ्या डोक्यावरून?"

काका चहा ओतत होते. म्हणाले, "इमारत आली की लिफ्ट आली. लिफ्ट आली की ती बंद पडणंही आलं."

"तुम्हाला सगळीकडे लिफ्टच दिसते."

त्या रविवारी शाळेच्या सभागृहात सभा झाली. इतकी माणसं आमच्या वसाहतीत आहेत हेही मला माहीत नव्हतं. इमारतींविरुद्ध समिती नेमली गेली, केमिस्ट तिचे अध्यक्ष झाले आणि मावशीही तिच्यात होती. ते नीट मुद्देसूद बोलले: पाणी कमी दाबाने येतं, सांडपाण्याची नळी जुनी आहे, शाळेत वर्ग भरलेले आहेत. लोक माना डोलावत होते, पण मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली होती. मग मावशी उठली. तिला माईक लागत नाही. तिने टँकरची गोष्ट सांगितली, शाळा सुटायच्या वेळेला त्या वळणावर काय होतं ते हातवारे करून दाखवलं. सभागृह हसलं, मग गंभीर झालं. आणि मावशीला जोर चढला.

"उद्या कुठून कुठून बाहेरची माणसं येतील," ती म्हणाली. "त्यांना या रस्त्याची ना माया, ना माहिती. आणि अण्णा? इतकी वर्षं आपल्यात राहिले. पाठ फिरवताना एकदा तरी वळून बघितलं त्यांनी?"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मी पण टाळ्या वाजवल्या. घरी जाताना लोक मावशीचा हात हातात घेऊन सांगत होते, बाई, मनातलं बोललात. मावशीचे गाल लाल झाले होते. ती नेहमीपेक्षा भरभर चालत होती.

दोन दिवसांनी नर्सरीच्या फाटकावर काळ्या रंगात कुणीतरी लिहिलं: पाठफिरव्या.

आधी मावशीला ते हसण्यावारी नेता आलं. पण शब्द चिकटला. लोक अण्णांच्या मागे तो पुटपुटू लागले. हळूहळू त्यांच्याशी बोलणंच बंद झालं. दुकानात ते आले की गप्पा थांबायच्या. अण्णांचे गुडघे गेलेले, त्यांची औषधं दर महिन्याला केमिस्टांच्या दुकानातून घरपोच जायची. ती थांबली. "माणूस नाही माझ्याकडे," केमिस्ट म्हणाले. माणूस होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता. अण्णा काठी टेकत टेकत स्वतः दुकानापर्यंत आले, औषध घेऊन परत गेले. रस्त्यात तीनचार गाड्या त्यांच्या बाजूने गेल्या. एकही थांबली नाही. त्यांतली एक मावशीची होती. शेजारी शिकणारा होता, मागून बस येत होती, थांबायला जागा नव्हती, असं तिने मला नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मग काचघर फुटलं.

भर दुपार होती. मी मावशीकडे भाजी निवडत बसले होते. मागून आवाज आला, एकदा, मग लागोपाठ. मावशी खिडकीशी धावली. तोपर्यंत जे कोणी होतं ते पळालं होतं. काचघराच्या एका बाजूला मोठं भगदाड पडलं होतं आणि आत रोपांवर काचांचा खच. अण्णा खोलीतून बाहेर आले, थोडा वेळ नुसते बघत राहिले, मग झाडू घेऊन आले. त्यांना खाली वाकता येत नव्हतं. उभ्यानेच लांब दांड्याचा झाडू ओढत होते आणि काच वाफ्याच्या मातीत आणखीच घुसत होती.

काकांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?" मावशी म्हणाली.

"काच आहे. कुणाच्या पायात जाईल."

"लोक काय म्हणतील? मी समितीत आहे आणि तुम्ही तिकडे..."

"तू समितीत आहेस. मी नाही," काका म्हणाले आणि मागच्या दाराने गेले. मावशी खिडकीतून बघत राहिली. दोन म्हातारी माणसं, एक वाकू शकणारं आणि एक न वाकू शकणारं, संध्याकाळपर्यंत काचा वेचत होती. मावशी गेली नाही. पण त्या दिवशी समितीची बैठक होती, तिथे तिने डोकं दुखतंय असा निरोप पाठवला.

याच सुमारास मावशीची मुलगी, माझी मावसबहीण, घरी आली. ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात परिचारिका आहे. नवरा, लहान मूल आणि ती, भाड्याच्या एका खोलीत राहायचे, आणि दवाखान्यातून घरी पोचायला तिला दोन बस बदलाव्या लागायच्या. आली की नेहमी मूल मावशीच्या मांडीवर टाकून आधी झोपायची. त्या दिवशी झोपली नाही. म्हणाली, "आई, चल, मला तुझी गाडी चालवू दे. हात विसरलेत." मी मागे बसले.

वसाहतीच्या बाहेर कालव्याच्या बाजूने मोकळा रस्ता आहे. तिथे आल्यावर ती म्हणाली, "आई, मी त्या इमारतीत घरासाठी विचारून आलेय."

गाडीला जोरात गचका बसला. मावशीने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला होता. मागच्या सायकलवाल्याने शिवी घातली.

"कोणत्या इमारतीत?" मावशी म्हणाली, जणू वसाहतीत दहा इमारती येणार होत्या.

"आई."

"घर हवंय तर आपलं घर आहे की. वरती दोन खोल्या काढू. मी कधीपासून म्हणतेय."

"तुझ्या घरात नाही. माझ्या घरात. मला रात्रपाळीवरून पहाटे आल्यावर दार हळू लावायचं नाहीये. मला माझं दार आपटायचंय." ती हसली, पण तिचे डोळे समोर रस्त्यावर होते. "दवाखाना इथून एका बसवर आहे. बाळ तुझ्याजवळ राहील. आम्हाला परवडेल असं या बाजूला दुसरं काहीच नाही. मी शोधलंय, आई. खूप शोधलंय."

"त्या रस्त्याचं काय होईल ते कळतंय का तुला?"

"कळतंय. तूच मला त्या रस्त्यावर शिकवलंस." मग थोडं थांबून तिने ते म्हटलं. "सभेत तू म्हणालीस ना, बाहेरची माणसं येतील. मला मैत्रिणीने सांगितलं. ती बाहेरची माणसं म्हणजे मी आहे."

 घरापर्यंत मुलीने अगदी जपून, शिकाऊ माणसासारखी गाडी चालवली. रात्रीचं जेवण न करताच ती निघून गेली.

इमारतींच्या परवानगीची नगरपालिकेतली सुनावणी त्यानंतर लगेचच होती. मावशीला बोलायचं होतं, समितीने तिचं नाव पहिलं दिलं होतं. मी तिच्याबरोबर गेले. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर, व्हरांड्यात, खाली आवारात, सगळीकडे आमचीच माणसं. हातात फलक, घोषणा. अधिकारीबाई समोर बसल्या, बिल्डरचा माणूस नकाशे लावू लागला आणि गोंधळ सुरू झाला. तेवढ्यात बाजूच्या दारातून अण्णा आत आले. इस्त्री केलेला शर्ट, हातात काठी. त्यांना मालक म्हणून बोलावलं होतं. कुणीतरी ओरडलं, "पाठफिरव्या आला!" आणि मग ते सभागृहच ओरडू लागलं. एका तालात. मी मावशीकडे बघितलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तो शब्द तिच्याच वाक्यातून निघाला होता, हे तिथे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

अधिकारीबाईंनी दोनदा शांत राहायला सांगितलं, मग फाइल मिटली आणि सुनावणी पुढे ढकलली. लोक चिडले. आता राग काढायला समोर कुणीच उरलं नव्हतं, फक्त अण्णा.

"चल," मावशी मला म्हणाली. आम्ही बाहेर पडून गाडीपाशी आलो. गाडी आवारातच, पायऱ्यांच्या समोर लावली होती. वळून बघते तर अण्णा पायऱ्या उतरत होते, एकेक, बाजूला वळून, आणि त्यांच्याभोवती माणसं. कुणी हात लावत नव्हतं, पण सगळे अगदी जवळ. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. "किती मिळाले?" "आमच्या पोरांच्या शाळेचं काय?" "बोला ना, तोंड शिवलंय का?" खालच्या पायरीवर कुणाचा तरी पाय काठीला लागला, काठी घरंगळत खाली आली आणि अण्णा कठड्याला धरून लोंबकळल्यासारखे उभे राहिले. काठी कुणी उचलली नाही.

मावशी गर्दीत घुसली. ती रुंद बांध्याची आहे, आणि चिडलेल्या बसवाल्यांशी बोलून बोलून तिचा आवाज पक्का झालेला आहे. "बाजूला व्हा! माझा पाय तुडवताय! व्हा बाजूला!" बोलता बोलता तिने अण्णांच्या काखेत हात घातला. माणसं आधी बाजूला झाली, कारण ती ब्रेकबाई होती, आपली होती. तिने त्यांना गाडीत पुढे बसवलं, मी मागे शिरले, ती फिरून स्टिअरिंगवर बसली आणि चारी दारांना कुलूप लावलं. तेव्हा लोकांना कळलं की ती त्यांना घेऊन चालली आहे.

गाडीला वेढा पडला. काचांवर तळवे आपटायला लागले. छपरावरची "शिकाऊ" पाटी कुणीतरी हलवत होतं, वरून कडकड आवाज येत होता. मी त्या चेहऱ्यांकडे बघत होते. त्यातला एकही अनोळखी नव्हता. जवळजवळ सगळे कधी ना कधी याच गाडीत बसून, मावशीच्या शिव्या खाऊन, क्लच हळू सोडायला शिकले होते.

गाडीच्या पुढे केमिस्ट येऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

"बाई," ते काचेतून ओरडले, "त्यांना उतरवा. आम्हाला फक्त बोलायचंय."

मावशीने काच बोटभर खाली केली. "बोलायला इतके हात लागतात?"

"तुम्ही आमच्यातल्या आहात."

"आहे ना. म्हणून तर तुम्ही बाजूला व्हा म्हणतेय."

"नाही होणार."

अण्णा समोर बघत होते. दोन्ही हात मांडीवर, बोटं एकमेकांत गुंतवलेली. मागच्या काचेवर काहीतरी येऊन आदळलं. काच फुटली नाही, पण तिला कोपऱ्यापासून तडा गेला. मी किंचाळले. मावशीने मागे बघितलं नाही. तिने पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडायला सुरुवात केली. इतका हळू की गाडी हलतेय की नाही ते आतून कळत नव्हतं. केमिस्टांना मात्र कळलं. बंपर त्यांच्या गुडघ्यांना टेकला. ते हलले नाहीत. मावशीच्या नाकावर घामाचे थेंब आले होते. ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती, तेही तिच्या. गाडी आणखी थोडी सरकली आणि केमिस्टांचं पाऊल मागे गेलं. मग दुसरं. हात बॉनेटवर तसेच, आणि ते उलटे चालत होते, फाटकापर्यंत. आजूबाजूला ओरडा चालूच होता, पण मला फक्त इंजिन ऐकू येत होतं. फाटकाशी ते एकदम बाजूला झाले. का झाले, मला आजही सांगता येणार नाही. मावशीने दुसरा गिअर टाकला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग अण्णा म्हणाले, "काठी राहिली."

"दुसरी घेऊ," मावशी म्हणाली.

"मला वाकता येत नाही आता," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "रोप जमिनीत असतं. ते काही वर येत नाही माझ्यासाठी. मी विचारलं होतं सगळ्यांना. नर्सरी घ्या, चालवा, जमेल तसं द्या. केमिस्टाच्या पोराला विचारलं. शाळेला विचारलं. सगळे हसून, बघू म्हणाले."

"मला नाही विचारलंत."

"तुला विचारलं होतं. फाटकापाशी. तू म्हणालीस, अण्णा, माझ्याकडे कुंडीतला मनीप्लँटसुद्धा मरतो."

मावशीने मान हलवली. तिला आठवत होतं ते.

तिने त्यांना नर्सरीत न सोडता आपल्या घरी नेलं. काकांनी काहीही न विचारता आतली खोली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी केमिस्ट आणि मुख्याध्यापिका दारात आले. आत बोलावलं तरी आले नाहीत.

"आम्हाला एवढंच कळू द्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही आता कुणाच्या बाजूने?"

"चौदा मजल्यांच्या विरोधात मी कालही होते, आजही आहे," मावशी म्हणाली. "पण त्या पायऱ्यांवर जे झालं, त्याच्याही विरोधात आहे."

"त्यांना कुणी हातसुद्धा लावला नाही," केमिस्ट म्हणाले.

"काठी तरी कुणी उचलली?"

केमिस्टांनी खिशातून हात काढला, परत घातला. "सुनावणीला समितीची भूमिका एकच असेल. तिथे काहीही बांधायचं नाही. एक वीटही नाही. तुम्ही तेवढंच बोलायचं."

"मग माझं नाव काढा. मी माझं माझं बोलेन."

पुढच्या सुनावणीला दारात पोलीस होते. मावशीची पाळी शेवटी आली. सभेत तिचं बोलणं कसं धबधब्यासारखं असायचं. त्या दिवशी ती अडखळत बोलली. म्हणाली, इमारती निम्म्या उंचीच्या करा. गाड्यांची ये-जा आमच्या रस्त्यावरून नको, मागून कालव्याच्या बाजूने काढा. मागून कुणीतरी "गद्दार" म्हणालं. तिने वळून बघितलं नाही. "आणि सभेत मी बाहेरच्या माणसांबद्दल बोलले होते. ते चुकीचं होतं. त्यांना घर हवंय, एवढंच आहे. अण्णांबद्दल बोलले तेही चुकीचं होतं." इतकं बोलून ती बसली.  बिल्डरचा माणूस म्हणाला की कालव्याकडच्या रस्त्याचा विचार त्यांनीही केला होता, पण तो खर्चिक आहे. अधिकारीबाई म्हणाल्या, "विचार केला होता ना? मग पुन्हा करा."

निकाल यायला बरेच महिने लागले. नऊ मजले, आणि रस्ता कालव्याकडून. कुणाचंच समाधान झालं नाही. बिल्डर म्हणाला, मारलं. समिती म्हणाली, विकलं. आणि विकणारी कोण, तर मावशी. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवसापासून तिची शिकवणी आटली होती. वसाहतीतल्या आया आपल्या मुलींना दुसऱ्या उपनगरातल्या शिकवणाऱ्याकडे पाठवू लागल्या. दोनदा गाडीच्या चाकांतली हवा गेली. एकदा शिकाऊची पाटीच गेली. मावशीने पुठ्ठ्यावर रंगाने स्वतः नवी लिहिली. अक्षर वाकडं आलं, तशीच लावली. मग तीही स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत जाऊन शिकवू लागली, जिथे तिला ब्रेकबाई म्हणून कुणी ओळखत नव्हतं. घरी आली की पायावर गरम पाणी घेत बसायची आणि फारसं बोलायची नाही. एकदा काका म्हणाले, "तू केलंस ते बरोबर केलंस." ती म्हणाली, "बरोबर होतं तर मला असं का वाटतंय?"  काकांनी तिच्या पायांवर आणखी गरम पाणी ओतलं.

माझी मावसबहीण त्या इमारतीत कधीच राहायला आली नाही. बांधकाम लांबलं, तिच्या नवऱ्याला दुसऱ्या शहरात काम मिळालं, आणि दोघं तिकडे गेले. लोकांनी म्हटलं, बघा, पोरीसाठी एवढं केलं आणि पोर गेली. मावशीने ते ऐकून घेतलं. मला एकदाच म्हणाली, "तिच्यासाठी केलं असतं तर सोपं झालं असतं." आता मुलगी फोन करते, तेव्हा मावशी आधी विचारते, दार आपटतेस ना? तिकडून खरंच दार आपटल्याचा आवाज येतो आणि दोघी हसतात.

अण्णा बहिणीकडे राहायला गेले होते, दूरच्या गावी. मावशी आणि काका वर्षातून एकदा त्यांना भेटून यायचे. नवीन इमारतींत माणसं राहायला आली, त्यातली काही मावशीकडे गाडी शिकू लागली, आणि कुणाकडून तरी ऐकून तिला परत ब्रेकबाई म्हणू लागली. वसाहतीतले काही जुने लोक आता मानेने नमस्कार करतात. काही अजूनही करत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. मावशी एकटीच गाडी घेऊन गेली, काकांना ताप होता. पुढचं मला तिनेच सांगितलं. तिथे पोचली तर बहिणीच्या अंगणात मोजकी माणसं, आणि त्यांत एका कडेला केमिस्ट. बसने आले होते. त्यांच्या पायाला सूज होती, उभं राहताना ते सारखं वजन बदलत होते. सगळं आटोपल्यावर मावशी त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "परतीची बस आता संध्याकाळीच आहे. बसा गाडीत."

ते पुढे, तिच्या शेजारी बसले.  अर्ध्या वाटेवर मावशीच म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मी गाडी थांबवली असती, त्यांना खाली उतरवलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?"

केमिस्ट खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे एक ट्रक संथ चालला होता, मावशी ओव्हरटेक न करता त्याच्या मागेच राहिली. मग ते म्हणाले, "मी खूपदा विचार केला. मला वाटतं, नुसतं बोललो असतो." मग मान हलवली. "नाही. खरं सांगू? मला माहीत नाही."

"हं," मावशी म्हणाली, आणि पुढचा रस्ता मोकळा झाल्यावर तिने गिअर बदलला.